शेक संपला की उठा : वयस्करांच्या स्नायूंसाठी उष्णतेचा घरगुती वापर

सत्तरीपुढचं माणूस असलेल्या घरात गरम पाण्याची पिशवी असतेच. संध्याकाळी ती भरायची, गुडघ्यावर ठेवायची, मालिका बघता बघता ती गार होते आणि आजी तशाच झोपायला जातात. दुखणं तासाभरापुरतं हलकं होतं. पाय मात्र होते तसेच राहतात आणि पाटावरून उठताना भिंतीचा आधार लागायचा तो लागतोच.

ज्येष्ठांच्या घरी जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेणं हे माझं काम. त्यात मला सगळ्यांत जास्त वेळा हेच सांगावं लागतं, की शेक ही नुसती तयारी आहे, खरं काम त्याच्यानंतर. शेकल्यावर पंधरा-वीस मिनिटं सांधा मोकळा असतो, दुखणं दबलेलं असतं. तेवढ्या वेळात पाय हलवून घेतले तर शेक कारणी लागला.

उष्णतेने काय होतं, काय होत नाही

साधारण चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वैद्यकात याला सार्कोपेनिया म्हणतात. गंमत अशी, की पाय बारीक दिसू लागण्याच्या कितीतरी आधी ताकद गेलेली असते. मांडीचा घेर तेवढाच, पण रिक्षात चढताना पाय उचलत नाही. त्यात सांधे दुखतात म्हणून माणूस हलणं कमी करतो, हलणं कमी झालं की स्नायू आणखी घटतात, आणि अशक्त स्नायूंमुळे सांध्यावर जास्त भार येतो. हे चक्र कुठेतरी तोडावं लागतं. ते तोडायला शेक सोयीचा, कारण त्याला कोणी नाही म्हणत नाही. व्यायाम म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात, शेक म्हटलं की आजोबा स्वतःहून पाय पुढे करतात.

ऊब मिळाली की त्या भागातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त जास्त येतं, आखडलेला स्नायू सैलावतो, सांध्याभोवतीच्या ऊती थोड्या जास्त ताणल्या जातात. गार स्नायू कमी जोर लावतो, उबदार स्नायू जास्त. निफाडच्या थंडीत पहाटे पाय ‘साथ देत नाहीत’ म्हणतात त्यात वयाइतकाच गारठ्याचाही वाटा असतो.

पण वरून दिलेला शेक फार आत जात नाही. पिशवीची ऊब त्वचेखाली एखाद्-दोन सेंटिमीटरपर्यंतच नीट पोचते, आणि मध्ये चरबीचा थर असेल तर त्याहून कमी. हाताच्या बोटांना, गुडघ्याला, मनगटाला ती लागते. खुब्याच्या सांध्यापर्यंत ती पोचत नाही. खुबा दुखतो म्हणून कमरेला तास-तास शेक घेणाऱ्यांची कातडी तेवढी लाल होते.

नुसत्या उष्णतेने स्नायू टिकतात का, यावर संशोधन झालं आहे. 1962 मध्ये इटालियन शास्त्रज्ञ फेरुचिओ रितोस्सा यांना फळमाशीच्या पेशींत असं दिसलं, की उष्णता मिळाली की काही ठरावीक जनुकं जागी होतात. त्यातून पुढे पेशींना सावरणारी ‘हीट शॉक प्रथिनं’ माहीत झाली. अलीकडे अमेरिकेत तरुण स्वयंसेवकांचा गुडघा दहा दिवस बांधून ठेवून मांडीला रोज दोन तास यंत्राने खोलवर उष्णता देण्यात आली, तेव्हा स्नायूंची झीज कमी झाली. पण ते तरुण होते, उष्णता डायथर्मी यंत्राची होती, आणि वेळ दोन तास. आपल्या घरातली रबरी पिशवी वीस मिनिटांत ते काम करणार नाही. म्हणून ‘पडल्या पडल्या ताकद वाढवा’ असं सांगून पट्टे विकणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावं, हे माझं स्पष्ट मत.

सुरुवात करण्याआधी : शेक कोणी घेऊ नये

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते, चटका उशिरा जाणवतो आणि जखम भरायला वेळ लागतो. मधुमेह जुना असेल तर पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, आणि ती कमी झाल्याचं त्या माणसाला स्वतःला माहीतही नसतं.

म्हणून आधी दोन वाट्यांची तपासणी करा. स्टीलच्या दोन सारख्या वाट्या घ्या. एकीत माठातलं गार पाणी, दुसरीत अंघोळीच्या पाण्याइतकं कोमट. बाबांना डोळे मिटायला सांगा. वाटीचा तळ पोटरीला, घोट्याला, पावलाच्या वरच्या बाजूला, गुडघ्याला टेकवा, कधी गार तर कधी ऊन, क्रम बदलत. “आता कशी लागते?” एवढंच विचारा. बहुतेक जण चटकन सांगतात. जिथे अडखळले, चुकले किंवा “काहीतरी लागलं बुवा” म्हणाले, तिथे शेक द्यायचा नाही. त्या जागेसाठी ऊब व्यायामातूनच आणायची. पक्षाघात झालेल्या बाजूलाही हाच नियम.

याशिवाय ताज्या मुरगळण्याला किंवा मुका मार लागलेल्या जागी पहिले दोन-तीन दिवस शेक नको. सांधा लाल, गरम आणि सुजलेला असेल तर नको. तो संसर्ग असू शकतो किंवा गाऊट, आणि आधीच तापलेल्या सांध्याला ऊब दिली तर दुखणं वाढतं. एकाच पोटरीला अचानक सूज आणि दुखणं आलं तर तिला चोळणंही नको आणि शेकणंही नको. ती रक्ताची गाठ असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. उघडी जखम, ताप, कर्करोगाच्या गाठीची जागा, हे सगळं वर्ज्य. हृदयविकाराचा झटका अलीकडे येऊन गेला असेल, थोड्याशा श्रमाने छातीत दुखत असेल किंवा झडप अरुंद असेल तर गरम पाण्यात बसण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारायचं.

औषधांचं कोणी बोलत नाही, म्हणून इथे थोडं जास्त लिहिते. वेदनाशामक पट्टी त्वचेवर लावलेली असेल तर तिच्यावर किंवा शेजारी शेक देऊ नका. उष्णतेने औषध एकदम जास्त शोषलं जातं. इन्सुलिन नुकतंच मांडीत किंवा पोटावर टोचलं असेल तर तिथे शेकल्याने ते लवकर शोषलं जाऊन साखर उतरू शकते. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या आणि प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्यांमुळे उभं राहताना रक्तदाब घसरतो आणि गरम पाण्याने तो आणखी घसरतो. आणि बाम. बाम किंवा वेदनाशामक जेल चोळून वरून पिशवी ठेवायची सवय घराघरांत आहे. याने कातडी पोळू शकते. दोन्हींपैकी एकच करा.

पहिल्या दिवशीचं मोजमाप

काय सुधारलं हे कळायला आधी काय होतं ते लिहून ठेवावं लागतं. साधी, हात नसलेली, साधारण 43 ते 45 सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर दुमडून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. मोबाइलवर वेळ लावा. आशियाई देशांसाठी 2019 मध्ये ठरलेल्या निकषांनुसार याला 12 सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायू घटल्याची शंका घ्यायची. हातांशिवाय उठताच येत नसेल तर तसं लिहा. तीही नोंदच आहे. शेजारी माणूस उभा असू द्या. आकडा आणि तारीख कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी.

शेक कशाचा?

रबरी पिशवी स्वस्त आणि पुरेशी. तिच्यात उकळतं पाणी कधीच ओतू नका. अर्धं उकळतं आणि अर्धं नळाचं पाणी मिसळलं की ते साधारण 60 अंशांच्या आसपास येतं. टॉवेलच्या दोन-तीन घड्यांतून एवढं भरपूर होतं. पिशवी दोन-तृतीयांश भरा, ओट्यावर आडवी धरून उरलेली हवा काढा, मगच बूच घट्ट करा. मग ती मोरीत उलटी धरून दाबून बघा, थेंब येतो का. 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, त्यामुळे बुचाची ही तपासणी रोजची. पिशवी कधीची आहे हेही बघा. काही पिशव्यांच्या रबरावर फुलासारखी खूण असते, तिच्या मध्यभागचा आकडा बनवल्याचं वर्ष सांगतो. रबर कडक झालं, दुमडल्यावर बारीक भेगा दिसल्या की पिशवी फेकून द्या. तिच्यावर अंगाचा भार देऊन झोपू नका.

विजेवर तापणाऱ्या जेलच्या पिशव्या हल्ली सगळ्या मेडिकलमध्ये मिळतात. त्या तापवून, प्लग काढून, मगच अंगाला लावायच्या. प्लग लावलेल्या अवस्थेत मांडीवर घेऊन बसलेले आजोबा मी पाहिले आहेत. हीटिंग पॅड घ्यायचं तर आपोआप बंद होणारंच घ्या, आणि ते अंथरुणात घेऊन झोपायचं नाही. भाजायला फार तापमान लागतं असं नाही. 44 अंशांची ऊबही काही तास एकाच जागी राहिली तर कातडी भाजते, झोपेत तर कळतही नाही. महिनोन् महिने तीच जागा शेकली तर तिथे जाळीसारखे तपकिरी डाग येतात. ते दिसले की तिथला शेक बंद करून डॉक्टरांना दाखवा.

मिठाची पुरचुंडी मला स्वतःला आवडते. खडे मीठ लोखंडी तव्यावर कोरडं भाजायचं, जाड सुती कापडात बांधायचं आणि आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. पुरचुंडी एका जागी न ठेवता फिरवत राहायची असते, त्यामुळे शेकणाऱ्याचं लक्ष राहतं आणि चटका बसायची शक्यता घटते. मान, खांदा, कोपर अशा वाकड्यातिकड्या जागी पिशवी नीट बसत नाही, तिथे ती फार उपयोगी. निर्गुडीचा पाला मिळत असेल तर तोही तव्यावर गरम करून असाच बांधतात. तिळाचं तेल आधी हलक्या हाताने लावायला हरकत नाही, पण पावलांना लावलं तर पुसून काढल्याशिवाय फरशीवर पाऊल ठेवू देऊ नका.

हातांच्या बोटांसाठी पातेल्यातलं कोमट पाणी सगळ्यांत चांगलं, कारण शेक आणि व्यायाम एकाच वेळी होतो. पाण्यात दहा मिनिटं मुठी वळा-उघडा, एकेक बोट अंगठ्याला लावा, स्पंज पिळा. मेणाचा शेक फिजिओथेरपीच्या दवाखान्यातच घ्या. घरी गॅसवर मेण वितळवणं म्हणजे आगीशी खेळ.

प्रत्यक्ष कृती : गुडघे आणि मांड्या

वेळ सकाळची निवडा, चहानाश्त्यानंतर तासाभराने. जेवल्या जेवल्या नको, तेव्हा रक्तदाब आधीच खाली असतो. पेलाभर पाणी प्यायला द्या. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं असेल तर त्या हिशेबात.

आईंना पलंगावर पाय पसरून, पाठीला उशी देऊन बसवा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीच्या खालच्या भागापासून गुडघ्यावर येईल अशी ठेवा. मांडीचा मोठा स्नायू तिथेच आहे आणि उठण्याचं काम तोच करतो. नुसत्या गुडघ्याच्या वाटीवर ठेवून फारसं साधत नाही. पंधरा ते वीस मिनिटं, अधिक नाही. पाच मिनिटांनी टॉवेल उचलून कातडी बघा. हलकी गुलाबी ठीक. लाल-पांढरे चट्टे दिसले तर थांबवा. “बरं वाटतंय का” असं विचारू नका, त्याला उत्तर नेहमी ‘हो’ असतं. “पोळतंय का?” असं विचारा.

शेवटची पाच मिनिटं पिशवी तशीच ठेवून काम सुरू करायचं. गुडघ्याने टॉवेलची गुंडाळी खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायची. दहा वेळा. मोजताना मोठ्याने मोजायला लावा, म्हणजे श्वास रोखला जात नाही. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो.

पिशवी बाजूला ठेवली की लगेच टाच गादीवरून घसरवत गुडघा जवळ घ्यायचा, परत सरळ करायचा. दहा वेळा. मग पलंगाच्या कडेला बसून एकेक पाय समोर सरळ करायचा, वर तीन आकडे थांबायचं. एवढं झाल्यावर खुर्ची.

खुर्चीवरून उठणं हा या सगळ्यातला मुख्य व्यायाम आहे, आणि तो बहुतेकांचा चुकतो. खुर्चीत मागे रेलून बसल्या बसल्या हातांनी जोर लावून उठायला बघतात. आधी बूड पुढे सरकवून खुर्चीच्या कडेशी या. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे. मग कमरेतून पुढे वाका, इतके की नाक पायाच्या बोटांवर येईल. तिथे पोचलात की बूड आपसूक हलकं होतं, आता पावलांनी जमीन दाबत उभे राहा. बसताना मात्र धपकन नाही. मनात एक-दोन-तीन म्हणत हळू टेकायचं. ताकद वाढवण्यात या हळू टेकण्याचा वाटा मोठा आहे. सुरुवातीला पाच वेळा, थोडी विश्रांती, परत पाच. जमत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा, आठवडे गेले की उशी काढा.

शेवटी ओट्याला दोन्ही हात धरून टाचा उचलायच्या, दहा वेळा. पोटरीची ताकद चालण्यात आणि तोल सावरण्यात कामी येते.

शेक आणि हलवाहलव रोज चालेल. खुर्ची आणि टाचांचं काम आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, कारण स्नायूला भरून यायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्यासारख्या वाटल्या तर चालेल. सांधा सुजला किंवा दुखणं दोन तासांनंतरही वाढलेलंच राहिलं तर पुढच्या वेळी निम्मं करा. सोपं वाटू लागलं की एका लिटरची पाण्याची बाटली छातीशी धरून उठायचं, म्हणजे किलोभर वजन आलं.

ज्यांना अजून जमिनीवर बसता येतं त्यांनी ते सोडू नये. आपल्याकडे जेवण, पूजा, भाजी निवडणं हे सगळं खाली बसून व्हायचं, आणि खाली बसून परत उठणं हा दिवसाकाठी आपोआप घडणारा व्यायाम होता. गुडघे बदललेले असतील तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी काय सांगितलंय ते पाळा. बाकीच्यांनी शेकानंतर, स्टूल समोर ठेवून, एक गुडघा टेकत हळूहळू बसून बघावं. उठताना कुशीवर वळायचं, दोन्ही गुडघ्यांवर यायचं, स्टूल धरायचं, बळकट पाय पुढे टाकून उभं राहायचं. एखाद्या दिवशी पडलं तर उठायचं कसं, हेही याच सरावात शिकून होतं.

अंघोळीचा शेक

बादलीभर कढत पाणी अंगावर घेणं हा आपला रोजचाच शेक, आणि हिवाळ्यात सकाळचं आखडलेपण घालवायला उत्तम. पाणी 38 ते 40 अंश पुरे. आजोबांच्या हाताला ‘गारच लागतंय’ म्हणून ते आणखी तापवायला सांगतील. दुसऱ्या कोणीतरी कोपर बुडवून बघावं. जपानमध्ये टबात गळ्यापर्यंत बुडून बसण्याची पद्धत आहे आणि तिथे हिवाळ्यात अनेक वृद्ध न्हाणीघरात दगावतात. गार खोलीतून एकदम गरम पाण्यात गेल्याने रक्तदाब हेलकावे खातो. तिथल्या सरकारी सूचनेत पाणी 41 अंशांपर्यंत आणि वेळ 10 मिनिटांपर्यंत सांगितली आहे. आपल्याकडे टब कमी, पण न्हाणीघर गारच असतं. आधी थोडं गरम पाणी फरशीवर ओतून ते उबदार करा, बसायला पाटाऐवजी उंच स्टूल द्या, दाराची आतली कडी लावायची नाही, आणि उठताना आधी मिनिटभर बसून राहायचं.

वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, संगमेश्वराकडची राजवाडी आणि आरवली इथल्या गरम पाण्याच्या कुंडांवर घरच्या ज्येष्ठांना न्यायचं असेल तर जरूर न्या. कुंडागणिक पाणी कमी-जास्त गरम असतं, म्हणून आधी तरुणाने पाय घालून बघावं. पायऱ्या शेवाळलेल्या असतात. गुडघ्यापर्यंत पाय सोडून दहा मिनिटं बसलं तरी पुरे, आणि तिथेच बसल्या बसल्या घोटे फिरवायचे.

खाणं

याबद्दल थोडक्यात. नुसता वरण-भात आणि संध्याकाळी चहा-खारी यावर स्नायू बांधले जात नाहीत. वयस्करांनी वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण 1 ग्रॅम प्रथिनं घ्यावीत असं तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढीच. दोन्ही जेवणांत उसळ, दही, पनीर, अंडं किंवा मासे यांतलं काहीतरी असू द्या. सगळं एकाच वेळी नको.

सहा आठवड्यांनी

त्याच खुर्चीवर, तशाच पद्धतीने पाच वेळा उठबस आणि वेळ मोजा. आधी 17 सेकंद लागत होते ते 14 वर आले तर काम चाललंय. शेक हवा तर कमी करा, व्यायाम तोच ठेवा. आकडा हललाच नाही तर पहिल्यांदा हे बघा, की शेकानंतरचं काम खरोखर होतंय की नुसती पिशवी. काम होत असूनही फरक नसेल, वजन उतरत असेल किंवा पायात जोरच येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवून थायरॉइड, ड जीवनसत्त्व, साखर आणि कमरेची नस तपासून घ्या. फिजिओथेरपिस्टकडे डायथर्मी सुचवली गेली, तर पेसमेकर किंवा शरीरातला धातू, बदललेला गुडघा, हाडातली सळई यांची माहिती आपण होऊन आधी सांगा. पेसमेकर असेल तर ते यंत्र चालत नाही.